लॉकर कमी पडत नाहीत, ते वेळेवर रिकामे होत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पार्सल लॉकरविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. (लॉकर म्हणजे कुलूपबंद कप्प्यांचं यंत्र: आम्ही त्यात पार्सल ठेवतो, आणि ज्याचं ते असतं तो फोनवर आलेला ओटीपी टाकून आपला कप्पा उघडतो.) लेख मनापासून लिहिलेला आहे, पण ‘लॉकर कमी पडतात, तेव्हा आणखी बसवा’ हा त्यातला शेवटचा मुद्दा मला पटला नाही. मी नऊ वर्षं पार्सल पोहोचवते. पहिली तीन वर्षं दारोदार फिरले, नंतरची सहा लॉकर भरण्यात गेली. आज माझ्या फेरीत अकरा लॉकर आहेत. त्यांतल्या प्रत्येकाचा कुठला दरवाजा जोरात ढकलावा लागतो आणि दुपारी कुठल्या पडद्यावर ऊन येऊन काही दिसत नाही, हे मला पाठ आहे. त्या अनुभवावर हे पत्र लिहिते आहे.

मी लॉकरच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. दारोदार फिरण्याचे दिवस मी विसरलेले नाही. चार मजले चढून जायचं, बेल वाजवायची, फोन लावायचा, तो उचलला जायचा नाही, आणि तेच पार्सल काखोटीला मारून पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी तोच जिना. पोलंडमध्ये २००९ पासून अशी यंत्रं आहेत. तिथल्या अभ्यासकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात लॉकर चालवणाऱ्या कंपनीचे आकडे दिले आहेत. दारोदार जाणारा माणूस दिवसाला सुमारे १५० किलोमीटर फिरून ६० पार्सलं देतो. लॉकर भरणारा ७० किलोमीटरमध्ये ६०० देतो. कंपनीचे स्वतःचे आकडे थोडे उजळ असतात असं धरलं, तरी फरक केवढा आहे पाहा. माझ्या पाठीला तो कागदावर वाचावा लागत नाही.

पण हा फायदा कप्पा रिकामा असेल तरच मिळतो. सगळी गोम इथेच आहे.

एका नेहमीच्या दिवसाचं चित्र सांगते. चाळीस कप्प्यांचं यंत्र, त्यात आधीचीच एकतीस पार्सलं पडून. माझ्या क्रेटमध्ये त्या यंत्राची चोवीस. नऊ बसली, पंधरा उरली. ती पंधरा गाडीत परत, संध्याकाळी गोदामात उतरवायची, पुन्हा स्कॅन, पुन्हा मांडणीवर, दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत. पलीकडे पंधरा माणसांना ‘आज मिळेल’ असा निरोप सकाळीच गेलेला असतो. ती फोन करतात, ज्याने फोन उचलला त्याच्यावर ओरडतात, आणि यंत्र मात्र भिंतीला टेकून भरलेल्या पोटाने उभं असतं. त्या यंत्राशेजारी आणखी चाळीस कप्पे बसवले तर काय होईल? काही आठवडे बरं जाईल. नंतर तेही असेच तुंबतील, कारण पार्सलं पडून राहण्याचं कारण तसंच राहिलेलं असेल.

याचं गणित अगदी सोपं आहे. एक पार्सल सरासरी दोन दिवस कप्प्यात राहत असेल, तर चाळीस कप्प्यांतून दिवसाला वीसच पार्सलं जाऊ शकतात. तेच पार्सल एका दिवसात उचललं गेलं, तर त्याच यंत्रातून चाळीस जातील. एकही नवा पत्रा न ठोकता, एकही नवी वायर न ओढता दुप्पट काम. रांगांच्या शास्त्रात हा नियम जॉन लिटल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता मांडली. आत किती माल आहे, तो किती वेगाने येतो आणि किती वेळ थांबतो, या तिन्हींपैकी दोन कळले की तिसरा ठरतोच. आमच्याकडच्या बैठकांमध्ये मात्र कप्पे किती बसवले, एवढंच विचारलं जातं. एक कप्पा आठवड्यात किती वेळा रिकामा झाला, हा प्रश्न सहा वर्षांत माझ्या कानावर एकदाही आलेला नाही.

मग पार्सलं पडून का राहतात? लोक आळशी आहेत म्हणून, असं आमच्यातलेही काही म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. निरोप जातो सकाळी अकराला, कारण मी अकराला भरते. अकराला माणूस कामात असतो. निरोप पाहतो, बाजूला सारतो, आणि संध्याकाळपर्यंत तो पन्नास निरोपांखाली गाडला जातो. आठवण करून देणारा दुसरा निरोप जातो दुसऱ्या दिवशी, पुन्हा अकरालाच. तो संध्याकाळी घरी निघायच्या वेळेला गेला तर? गेल्या खेपेला ह्याच माणसाने साडेसातला दरवाजा उघडला होता, ही नोंद यंत्राकडे असतेच. सातला आठवण करायला यात वेगळं तंत्र लागत नाही. शिवाय निरोपात लॉकरचा सांकेतिक क्रमांक असतो, जागा नीट सांगितलेली नसते. ‘जिन्याच्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीमागे’ एवढं लिहिलं, तरी नवख्या माणसाची पहिली फेरी वाया जात नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. अकराला भरलेलं पार्सल फक्त संध्याकाळी परतणाऱ्या माणसाच्या हाती लागतं. तेच सकाळी सातच्या आत भरलं, तर कामाला निघालेला माणूसही उचलतो आणि परतणाराही. एकाच दिवसात दोन संधी मिळतात. शिवाय संध्याकाळी मोकळे झालेले कप्पे आज रात्रीनंतर अर्धी सकाळही रिकामेच राहतात, तो सकाळचा वेळ वाचतो. मध्यंतरी रस्त्याच्या कामामुळे माझी फेरी दोन महिने पहाटेची झाली होती. त्या दोन महिन्यांत गोदामात परत न्यावे लागणारे क्रेट किती कमी झाले, हे तिथल्या उतरवणाऱ्या मुलांनी आधी ओळखलं, कार्यालयाने नंतर. रस्ता झाला आणि फेरी पुन्हा अकराची झाली. कारण विचारलं, तर वेळापत्रक तसं आहे, एवढंच उत्तर मिळालं.

उशीर करणाऱ्याकडून पैसे घ्या, हा उपाय दरवेळी सुचवला जातो. चीनमध्ये हे करून झालं आहे. तिथल्या सर्वांत मोठ्या लॉकर कंपनीने २०२० मध्ये १२ तासांनंतर भाडं लावलं. काही वसाहतींनी लॉकरच बंद करून टाकले, आणि अखेर फुकट ठेवण्याची मुदत १८ तासांवर न्यावी लागली. माझं मत विचाराल तर दंडाने माणूस लवकर येत नाही, चिडतो मात्र नक्की. त्यापेक्षा त्याला आधी विचारावं. पार्सल गोदामात आलं की एक साधा प्रश्न पाठवायचा: उद्या नेणार की परवा? जो गावाला गेला आहे त्याचं पार्सल गोदामातल्या मांडणीवर दोन दिवस राहिलं, तर कुणाचं काही अडत नाही. तेच कप्प्यात राहिलं तर दुसऱ्या कुणाची तरी जागा अडते. थांबायचंच असेल तर पार्सलाने गोदामात थांबावं. सगळे उत्तर देणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण जे देतील तेवढ्यांनीही फरक पडेल.

आता मापाचं बोलते, कारण इथे चूक आमच्यासारख्या भरणाऱ्यांकडूनही होते. यंत्रात लहान, मध्यम, मोठे असे कप्पे असतात. गाडी चुकीच्या जागी उभी आहे, मागून कुणी भोंगा वाजवतं आहे, अशा वेळी हातात पाकीट असलं तरी बोट ‘मोठा’वर जातं, कारण तो दरवाजा कमरेच्या उंचीला उघडतो आणि वाकावं लागत नाही. मीही हे केलं आहे. मग खरं मोठं खोकं पुढे येतं आणि त्याला जागा नसते. हा निर्णय घाईत असलेल्या माणसावर सोडूच नये. गोदामात पार्सल मोजून स्कॅन होतं, तिथेच माप ठरावं आणि यंत्राने तोच दरवाजा उघडावा. मोठी खोकी आधी भरावीत, लहान पाकिटं शेवटी. मोठे कप्पे उरले तरच त्यात लहान माल टाकावा.

याहून सोपी एक गोष्ट कुणी करत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. एकाच माणसाची तीन पार्सलं आली, की ती तीन कप्प्यांत जातात. तीन निरोप, तीन ओटीपी. परवाच एक मुलगी यंत्रासमोर उभी होती. एक दरवाजा उघडला, पाकीट पिशवीत टाकलं, पुन्हा फोन काढला, दुसरा ओटीपी शोधला. तिसऱ्या वेळी तो चुकला आणि तिच्यामागची माणसं सुस्कारे टाकू लागली. तिन्ही पाकिटं मिळून एका लहान कप्प्यात आरामात मावली असती. पण प्रणालीत एका पार्सलाला एक कप्पा असं लिहून ठेवलं आहे, म्हणून मी दोन एकत्र ठेवू शकत नाही. दरवाजा बंद झाला की त्या कप्प्याची नोंद संपते. हे बदलायला लोखंड लागत नाही, कुणीतरी बसून प्रणालीतली ती अट काढायला हवी.

गाडी भरण्याची शिस्त हाही मोठा भाग आहे. आमच्याकडे बराच काळ माल सरमिसळ यायचा. लॉकरशी उभं राहून क्रेट उपसायचं, पत्ता वाचायचा, माप बघायचं, मग स्कॅन. एकदा मी फोनवर वेळ लावून पाहिली. सरमिसळ मालाला एका पार्सलामागे अठ्ठावीस सेकंद लागत होते. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने गोदामात माझे क्रेट लॉकरवार आणि मापवार लावून दिले, शेवटच्या थांब्याचे आत आणि पहिल्याचे दाराशी. मग तेरा सेकंद लागले. पंधरा सेकंदांनी काय होतं, असं वाटेल. एका लॉकरला सरासरी पंचवीस पार्सलं धरली तर सव्वासहा मिनिटं होतात, आणि अकरा लॉकरांची जवळजवळ सत्तर मिनिटं. सर्वांत जास्त तुंबणाऱ्या तीन यंत्रांकडे संध्याकाळी दुसरी फेरी मारायला एवढा वेळ पुरतो. गोदामात लावायला वेळ लागतो हे खरं, पण तिथे टेबल असतं, उजेड असतो, आणि डोक्यावर पाऊस नसतो.

परतीच्या मालाचा विचार तर कुणीच वेगळा करत नाही. लोक परत करायची पार्सलं त्याच यंत्रात टाकतात. मी गेले की आधी ती काढायला हवीत, म्हणजे तेवढे कप्पे लगेच भरायला मिळतात. एकाच थांब्यात देणं आणि घेणं दोन्ही होतं, गाडी रिकामी परतत नाही. पण यंत्राच्या पडद्यावर ‘भरणे’ आणि ‘उचलणे’ हे वेगळे मार्ग आहेत. एकातून बाहेर पडून दुसऱ्यात जायला पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो. घाईतला नवीन मुलगा आधी भरतो, जागा संपली की ‘यंत्र भरलं’ अशी नोंद करतो आणि निघून जातो. आत सहा परतीची पार्सलं तशीच असतात. रात्री किती परती आल्या आहेत, हे पहाटे गोदामाला कळतं. उद्याचा माल ठरवताना ते कप्पे मोकळे धरायला हवेत, तेही धरले जात नाहीत.

एका दरवाजाची गोष्ट सांगते. माझ्या फेरीतल्या एका यंत्रात सतरा नंबरचा कप्पा तीन महिने बंद होता. पडद्यावर त्यावर लाल फुली. ‘दरवाजा उघडा आहे’ असं यंत्राचं म्हणणं, आणि दरवाजा तर घट्ट मिटलेला. मी दोनदा तक्रार नोंदवली. एका पावसाळी सकाळी काम लवकर आटोपलं होतं, म्हणून कार्यालयाला फोन करून तो कप्पा दुरून उघडायला लावला. दाराच्या कडेला, खटका जिथे बसतो त्या खाचेत, खोक्यावरच्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा अडकला होता. त्यावर धूळ बसून तो काळा, कडक झालेला. नखाने खरवडून काढला. दरवाजा लावला, खटका टक्‌ करून बसला, आणि लाल फुली गेली. नखाएवढ्या कचऱ्यासाठी चांगला मोठा कप्पा तीन महिने वाया गेला होता. माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक भरणाऱ्याला बंद कप्पा उघडून पाहण्याची मुभा असावी, आणि एखादा कप्पा दोन दिवसांहून जास्त बंद राहिला तर कुणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागावं.

जागेबद्दल थोडक्यात. लॉकर लोकांच्या रोजच्या वाटेवर हवा. त्यासाठी वाकडी वाट करून वेगळी गाडी काढावी लागली, तर माझ्या फेरीत वाचलेलं इंधन तिकडे जळतं. माझी गाडी पाच मिनिटं उभी राहील एवढी जागा समोर हवी, आणि रात्री दिवा हवा. माझ्या फेरीतला एक लॉकर अशा दालनात आहे, की ज्याचं दार रात्री दहाला कुलूपबंद होतं. तो सगळ्यांत आधी तुंबतो, यात नवल नाही. विजेची सोय नाही म्हणून चांगली जागा सोडली, असं आता म्हणता येणार नाही. डेन्मार्कमध्ये बॅटरीवर चालणारे, पडदा नसलेले लॉकर वापरात आहेत. ते फोनच्या ब्लूटूथवर उघडतात, वायर ओढावीच लागत नाही.

एका आजोबांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र मला पुरं करवणार नाही. मी एका यंत्राशी क्रेट उतरवत होते. त्यांनी ओटीपी टाकला आणि सगळ्यांत वरचा दरवाजा उघडला. त्यांच्या एका हातात काठी होती. दुसरा हात कप्प्याच्या कडेपर्यंत पोहोचला, पण आतलं खोकं मागे सरकलेलं. त्यांनी टाचा उंचावल्या, काठी भिंतीला टेकवली, ती घसरून खाली पडली. मी खोकं काढून दिलं. ते म्हणाले, “तू नसतीस तर दार लावून परत गेलो असतो.” दार लावून गेले असते, तर यंत्राने ‘पार्सल नेलं’ अशी नोंद केली असती, आणि पार्सल आतच राहिलं असतं. खालचा कप्पा हवा, एवढं एकदा नोंदवून ठेवायची सोय का नसावी? चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, उंची कमी असलेल्या माणसाला ती लागतेच. आणि ज्याला पार्सल काढता येत नाही त्याचा कप्पा रिकामाही होत नाही, एवढा हिशेब तरी कंपन्यांना कळावा.

शेवटचा मुद्दा कंपन्यांना आवडणार नाही. माझ्या फेरीत एका ठिकाणी तीन कंपन्यांचे तीन लॉकर शेजारी शेजारी आहेत. आमचा भरून वाहतो, बाजूचे दोन कित्येकदा अर्धे मोकळे. मी पंधरा पार्सलं गाडीत परत नेते आणि दोन हातांवर रिकामे कप्पे दिसत असतात. सिंगापूरमध्ये सरकारच्या पुढाकाराने २०२१ मध्ये सगळ्या वाहकांना खुलं असलेलं लॉकरांचं जाळं उभं राहिलं. एक यंत्र, आणि माल कुणीही आणून ठेवावा. जर्मनीत टपाल कंपनीने डॉर्टमुंड आणि माइन्झमध्ये पहिले लॉकर लावून पाहिले ते २००१ मध्ये, म्हणजे ही कल्पना आता अगदी नवी राहिलेली नाही. एकमेकांचे कप्पे भाड्याने वापरण्याइतका समजूतदारपणा तेवढ्या वर्षांत यायला हवा होता. भाडं कसं ठरवायचं, हरवलं तर जबाबदार कोण, हे प्रश्न आहेत, आणि ते सोपे नाहीत. पण ते बसून सोडवण्याजोगे आहेत. चौथं यंत्र लावायला त्या भिंतीला आता जागाही उरलेली नाही.

आपल्या लेखिकेला माझी एक विनंती कळवावी. त्यांनी पुन्हा या विषयावर लिहायचं ठरवलं, तर एक दिवस माझ्याबरोबर फेरीला यावं. सहाला आम्ही गाडी भरायला लागतो, पुढची सीट रिकामी असते. सतरा नंबरचा तो दरवाजा मी त्यांना दाखवीन.

आपली,
लॉकर भरणारी एक पार्सलवाहक
(नाव छापू नये, ही विनंती.)